फोर्डहुकची एडा आणि कागदाचे पंख

ईलिंग कॉमन स्थानकापासून हाकेच्या अंतरावर फोर्डहुक अ‍ॅव्हेन्यू नावाचा एक शांत रस्ता आहे. या भागात वस्ती केलेल्या आपल्या अनेक मराठी कुटुंबांच्या नजरेखालून ती पाटी रोज जात असेल. ज्या घरावरून रस्त्याला हे नाव मिळाले ते घर केव्हाच जमीनदोस्त झाले. अठराव्या शतकात कादंबरीकार हेन्री फील्डिंग तेथे राहत असे. पुढे १८३० नंतरच्या काही वर्षांत लेडी बायरन आपल्या एकुलत्या एका मुलीला घेऊन तेथे राहिल्या. ती मुलगी म्हणजे एडा. संगणकाच्या क्षेत्रात उपजीविका करणाऱ्यांना एडा लव्हलेस हे नाव नवे नाही. मात्र तिने हाती घेतलेले पहिले यंत्र गणिताचे नव्हते, उड्डाणाचे होते, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही.

एडाचा जन्म १० डिसेंबर १८१५ चा. वडील कविवर्य लॉर्ड बायरन. मूल अवघे पाच आठवड्यांचे असताना आईने घर सोडले, आणि काही महिन्यांत बायरन यांनी देश सोडला. बापलेकीची पुन्हा भेट झाली नाही. ती आठ वर्षांची असताना ते ग्रीसमध्ये वारले. बापाच्या स्वभावातील स्वैरपणा मुलीत उतरू नये या एकाच ध्यासाने आईने तिला लहानपणापासून गणिताच्या शिस्तीत वाढवले. औषध म्हणून दिलेल्या या गणिताचीच मुलीला गोडी लागली, हे मात्र आईच्या हिशेबात नसावे.

१८२८ च्या आरंभी एडा १२ वर्षांची होती आणि कँटरबरीजवळच्या बायफ्रन्स या घरी राहत होती. आई प्रकृतीच्या कारणाने बहुधा बाहेरगावी असे. त्या एकाकी दिवसांत मुलीने उडण्याचा निश्चय केला. हे निव्वळ बालिश स्वप्नरंजन नव्हते, कारण तिने कामाचा क्रम लावला होता. आधी पक्ष्यांचे शरीर अभ्यासायचे, पंखाचा आकार आणि देहाचे वजन यांचे प्रमाण काढायचे, मग त्याच प्रमाणात स्वतःच्या देहासाठी पंख बेतायचे. साहित्य कोणते घ्यावे, कागद, तेल दिलेले रेशीम, तारा की पिसे, याचाही तिने विचार केला. आरंभी कागदाचे पंख करून पाहावेत असे तिने ठरवले. शोधांची नोंद चित्रांसह एका पुस्तकात करायची आणि त्याला फ्लायॉलॉजी म्हणायचे, असाही तिचा बेत होता. डोंगर, नद्या, दऱ्या ओलांडून सरळ रेषेत जाता यावे म्हणून बरोबर होकायंत्र घ्यावे, हेसुद्धा तिला सुचले होते. आईला लिहिलेल्या पत्रांखाली ती सही करी ती निरोप्या कबुतराच्या नावाने.

पतंगासाठी बांबूच्या कामट्या तासून पाहिलेल्या किंवा दिवाळीचा आकाशकंदील घरी बांधलेल्या कोणालाही या उद्योगातील गोडी आणि अडचण दोन्ही समजतील. आज येथील मुले पुठ्ठ्याची नळी, बाल्सा लाकडाचे पातळ पंख आणि रंगाचे डबे घेऊन रॉकेटच्या प्रतिकृती हाताने घडवतात. देखणेपणासाठी रंगाचे दोन थर अधिक चढवले की वजन वाढते आणि रॉकेट कमी उंची गाठते, हा धडा त्यांना पहिल्या एकदोन उड्डाणांतच मिळतो. एडाच्या मार्गातही वजनच उभे होते. आकार सर्व बाजूंनी दुप्पट केला की पंखाचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट. त्यामुळे कावळ्याचे प्रमाण माणसाला जसेच्या तसे लागू पडत नाही. बाहूंच्या बळावर हे साधणार नाही अशी शंका तिलाही आली असावी, कारण एप्रिलपर्यंत तिची कल्पना वाफेकडे वळली: घोड्याच्या आकाराचे यंत्र, पोटात वाफेचे इंजिन, बाहेर प्रचंड पंख आणि पाठीवर स्वार. विल्यम हेन्सन यांनी वाफेवर चालणाऱ्या विमानाचे पेटंट घेतले ते १८४२ मध्ये, आणि त्यांचे सहकारी जॉन स्ट्रिंगफेलो यांची छोटी प्रतिकृती चार्ड गावच्या एका गिरणीत उडाली ती १८४८ मध्ये. १२ वर्षांची मुलगी त्यांच्या कितीतरी आधी त्याच दिशेने पाहत होती.

आईला मात्र हे रुचले नाही. पंखांच्या नादात अभ्यास मागे पडतो अशी समज मुलीला मिळाली आणि तो विषय थांबला. माझ्या मते ही समज देणारी आई दुष्ट नव्हती, घाबरलेली होती. पुढच्याच वर्षी गोवराने एडाचे पाय लुळे पडले. आकाशात भरारी घेण्याचे बेत करणारी मुलगी दीर्घकाळ अंथरुणाला खिळली आणि नंतर कुबड्यांच्या आधाराने पुन्हा चालायला शिकली.

फोर्डहुकला आलेली एडा ही अशी होती. तेथून एका शिक्षकाबरोबर पळून जाण्याचा तिचा प्रयत्न फसला आणि प्रकरण दडपले गेले. जून १८३३ मध्ये एका मेजवानीत तिची चार्ल्स बॅबेज यांच्याशी ओळख झाली. काही दिवसांनी मायलेकी त्यांच्या घरी डिफरन्स इंजिन पाहायला गेल्या. तेथे होता तो नियोजित यंत्राचा सुमारे सातवा भाग, जोसेफ क्लेमेंट या कारागिराने जुळवलेला. इतर पाहुणे कौतुकाने बघत राहिले. एडाला त्यातील यंत्रणा कळली. पुढच्या वर्षी कारखान्यांच्या दौऱ्यात तिने छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या पट्ट्यांवर चालणारे माग पाहिले. त्याच सुमारास लेडी बायरन यांनी ईलिंगमध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. तेथे पुस्तकांइतकेच बागकाम आणि सुतारकाम महत्त्वाचे मानले जाई. स्वतःच्या मुलीचे पंख थांबवणाऱ्या बाईंनी इतरांच्या मुलांच्या हाती अवजारे दिली, हा विरोधाभास मला नेहमी खटकतो.

८ जुलै १८३५ रोजी फोर्डहुकलाच एडाचा विवाह विल्यम किंग यांच्याशी झाला. १८३८ मध्ये त्यांना अर्ल ऑफ लव्हलेस हा किताब मिळाला. तीन अपत्ये झाल्यावर तिने ऑगस्टस डी मॉर्गन यांच्याकडे पुन्हा गणित सुरू केले. हे डी मॉर्गन मदुराईत जन्मलेले. दिल्लीच्या रामचंद्र यांचा गणितावरील ग्रंथ त्यांनीच पुढे १८५९ मध्ये लंडनमध्ये पुन्हा प्रकाशित करवला.

१८४३ मध्ये एडाने बॅबेज यांच्या अ‍ॅनॅलिटिकल इंजिनवरील मेनाब्रिया यांच्या फ्रेंच लेखाचे भाषांतर केले आणि त्याला जोडलेल्या टिपा मूळ लेखाच्या जवळजवळ तिप्पट झाल्या. सही केवळ आद्याक्षरांची. शेवटच्या टिपेत बर्नुली संख्या काढण्यासाठी यंत्राने कोणती क्रिया केव्हा करावी याचा तक्ता आहे. त्यात बॅबेज यांचा वाटा किती याबद्दल अभ्यासक आजही भांडतात. मला त्या तक्त्यापेक्षा मोठा वाटतो तो तिचा दुसरा विचार: अंकांऐवजी इतर चिन्हांवर, अगदी सुरांवरही, असे यंत्र काम करू शकेल. बॅबेज यांचे लक्ष आकडेमोडीवर होते. तिला त्यापलीकडचे दिसले. ते यंत्र मात्र कधीच बांधले गेले नाही.

नंतरची वर्षे दुःखाची आहेत. घोड्यांच्या शर्यतींवर लावलेले पैसे, कर्ज, आणि अखेर कर्करोग. शेवटच्या महिन्यांत घराचा आणि भेटीगाठींचा ताबा पुन्हा आईकडेच होता. २७ नोव्हेंबर १८५२ रोजी एडा गेली, वयाच्या ३६ व्या वर्षी; वडीलही ३६ व्या वर्षीच गेले होते. तिच्या इच्छेनुसार तिला हकनॉलच्या चर्चमध्ये, ज्यांना तिने कधी ओळखले नाही त्या वडिलांच्या शेजारी ठेवण्यात आले. तिने पाहिलेला डिफरन्स इंजिनचा तो तुकडा साउथ केन्सिंग्टनच्या सायन्स म्युझियमकडे आहे. ईलिंग कॉमनहून तेथे गाडी न बदलता जाता येते.