पाण्याचा सामू मोजणारे सोरेन्सेन

शास्त्रज्ञांच्या चरित्रांपैकी न्यूटन, फॅरडे, पाश्चर यांची चरित्रे आमच्या विद्यार्थ्यांच्या परिचयाची असतात. सोरेन पेडर लौरिट्स सोरेन्सेन हे नाव मात्र वर्गात विचारले असता सहसा कोणाच्या ओठांवर येत नाही. तथापि शेतकरी आपल्या शेतातील माती तपासून घेतो, रुग्णालयात रक्ताची परीक्षा होते, साखर कारखान्यात उसाचा रस निवळला जातो, किंवा एखादा मुलगा घरी काचपेटीत चार मासे पाळतो, तेव्हा तेव्हा ह्याच डॅनिश गृहस्थांनी १९०९ साली मांडलेला एक आकडा उपयोगास येत असतो. त्या आकड्यास सर्वत्र पीएच म्हणतात. मराठीत त्यास सामू असा सुटसुटीत शब्द आहे. आम्ही स्वतः कलाशाखेचे. रसायनशास्त्राशी असलेला आमचा संबंध शालान्त परीक्षेबरोबरच संपला असे आम्ही समजत होतो. परंतु विद्यालयात मत्स्यपेटी आल्यापासून विद्यार्थ्यांनी जे प्रश्न विचारले, त्यांचा माग काढता काढता आम्ही ह्या गृहस्थांपर्यंत येऊन पोहोचलो.

सोरेन्सेन यांचा जन्म ९ जानेवारी १८६८ रोजी डेन्मार्कमधील हाव्रेबिएर्ग ह्या खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. कोपनहेगन नगर ज्या बेटावर वसले आहे, त्याच बेटावर हे खेडे आहे. वयाच्या अठराव्या वर्षी ते कोपनहेगन विद्यापीठात दाखल झाले ते वैद्य होण्याच्या इच्छेने. तेथे सोफुस मॅड्स योर्गेन्सेन हे नामांकित रसायनशास्त्रज्ञ त्यांना गुरू म्हणून लाभले आणि त्यांचे मन वैद्यकावरून रसायनशास्त्राकडे वळले. कोबाल्ट धातूच्या संयुगांवर प्रबंध लिहून त्यांनी १८९९ साली डॉक्टरेट मिळविली. मधल्या काळात पॉलिटेक्निकमध्ये साहाय्यक म्हणून आणि आरमाराच्या गोदीत सल्लागार म्हणून त्यांनी काम केले. इथवरचे चरित्र एखाद्या उद्योगी व हुशार तरुणाचे आहे. त्यात विशेष नवल नाही.

नवल सुरू होते ते १९०१ साली. त्या वर्षी कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेच्या रसायन विभागाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. नत्र मोजण्याची पद्धत शोधून काढणारे योहान केल्डाल हे १९०० साली निवर्तले होते. त्यांच्या रिकाम्या जागी ही नेमणूक झाली. ही प्रयोगशाळा एका बिअर गाळणाऱ्या कारखान्याची होती, हे ऐकून आमच्या काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. परंतु १८७५ साली ती स्थापन करणाऱ्या याकोब क्रिस्टियन याकोबसेन यांनी घालून दिलेला एक नियम फार थोर होता. तेथे लागलेला कोणताही महत्त्वाचा शोध, मग तो तात्त्विक असो वा व्यवहारोपयोगी, गुप्त ठेवावयाचा नाही, असा तो नियम होय. प्रतिस्पर्धी कारखान्यांनाही तो शोध फुकट मिळावा! ह्याच उदार घरात सोरेन्सेन यांनी पुढील सदतीस वर्षे काढली.

बिअरच्या पिपात धान्याचे सत्त्व आंबविण्याचे जे कार्य घडते, ते विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, साहाय्याने घडते. विकर हे सजीवांच्या पेशींत तयार होणारे प्रथिन असून त्याच्या केवळ उपस्थितीने रासायनिक क्रिया वेग घेते. सोरेन्सेन यांनी यीस्टमधील, उसाच्या साखरेचे विघटन करणारे विकर घेतले, जठरातील पेप्सिन घेतले, आणि कोणत्या परिस्थितीत ही विकरे उत्तम काम करतात ते पाहण्यास आरंभ केला. द्रावण किंचित आंबट केले की विकराचे काम वाढे, फार आंबट केले की मंदावे. येथवर सर्वांस ठाऊक होते. परंतु किती आंबट? ह्या साध्या प्रश्नापाशी सारेच अडत होते.

त्या काळची रीत अशी की, द्रावणात आपण किती आम्ल ओतले ते लिहून ठेवावयाचे आणि त्यावरून आंबटपणा ठरवावयाचा. ह्या रीतीतील खोट सोरेन्सेन यांनी नेमकी हेरली. एका पेल्यात शुद्ध पाणी व दुसऱ्यात अंड्याचा पांढरा बलक कालविलेले पाणी घ्या. दोहोंत आम्लाचे सारखेच थेंब टाका. पहिल्या पेल्यातील पाणी तत्काळ आंबट होईल. दुसऱ्यात मात्र बलकातील प्रथिने बरेचसे आम्ल स्वतःशी बांधून ठेवतील आणि पाण्याचा आंबटपणा फारसा वाढणार नाही. ओतले ते सारखेच, परंतु विकराला जाणवते ते वेगळे. तेव्हा किती ओतले हा प्रश्न गैरलागू ठरतो. पाण्यात ह्या घटकेला हायड्रोजनचे किती आयन मोकळे आहेत, एवढेच मोजले पाहिजे.

हे आयन मोजावयाचे म्हणजे भलत्याच लहान संख्यांशी गाठ. शुद्ध पाण्यात एक ग्रॅम हायड्रोजन आयन मिळविण्यास १ कोटी लिटर पाणी घ्यावे लागेल. एवढी शून्ये लिहिण्यापेक्षा केवळ शून्यांची संख्या लिहावी, अशी सोय सोरेन्सेन यांनी काढली. १ कोटी म्हणजे एकावर सात शून्ये, म्हणून शुद्ध पाण्याचा सामू ७. दहा लाख लिटरमध्ये एक ग्रॅम असेल तर सामू ६, एक लाखात असेल तर ५. विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी ध्यानात धराव्यात. आकडा उतरतो तसा आंबटपणा चढतो. आणि एका आकड्याचा फरक म्हणजे दहापट फरक होय. सामू ८ वरून ६ वर आणणे हे दोन पायऱ्या उतरण्याइतके सोपे काम दिसते. वस्तुतः तो शंभरपट बदल आहे.

१९०९ साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घ निबंधात त्यांनी केवळ ही कल्पना मांडली नाही, तर मोजण्याचे दोन मार्गही घालून दिले. पहिला विजेचा: हायड्रोजन वायू सोडलेल्या प्लॅटिनमच्या पत्र्याने विजेचा दाब मोजणे. हा अचूक, परंतु अतिशय किचकट. दुसरा रंगांचा. काही रंगद्रव्ये ठराविक सामूला रंग पालटतात. ज्यांचा सामू आधीच निश्चित ठाऊक आहे अशी द्रावणे ओळीने मांडावयाची, त्यांत व आपल्या पाण्यात एकच रंगद्रव्य टाकावयाचे आणि रंग जुळवून पाहावयाचे. आज मत्स्यपेटीच्या दुकानात मिळणारी थेंबांची बाटली व रंगांची पट्टी ही ह्याच मार्गाची नात म्हणावी लागेल.

ज्यांचा सामू सहसा ढळत नाही अशा द्रावणांस बफर म्हणतात. सोरेन्सेन यांनी त्यांचा कसून अभ्यास केला, आणि मत्स्यपेटीचे सारे मर्म ह्या बफरांतच साठविलेले आहे. म्हणून चरित्राचा धागा क्षणभर सोडून आम्ही पाण्याकडे वळतो.

पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार विरघळलेले असले म्हणजे ते जड होते. अशा पाण्यात साबणास फेस येत नाही, डाळ लवकर शिजत नाही, भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. पाठ्यपुस्तकांत ह्यास दुष्फेन पाणी म्हणतात. साबणाच्या फेसावरून हा जडपणा मोजण्याची रीत ॲबरडीनचे टॉमस क्लार्क यांनी १८४१ साली काढली. आता ह्या क्षारांपैकी बायकार्बोनेट हा जो भाग असतो, तोच पाण्याचा बफर होय. आम्ल ओतले की तो ते गिळून टाकतो. ज्या जड पाण्याचा सामू ८ आहे, त्यात कोणी हौशी गृहस्थ आम्लाची बाटली रिती करतो. संध्याकाळी आकडा ७ दिसतो, गृहस्थ समाधानाने निजतो, आणि कर्बद्विप्राणिद वायू उडून गेला की सकाळी आकडा पुन्हा पूर्वस्थानी! पुन्हा बाटली. असे चालता चालता एके दिवशी बायकार्बोनेट संपून जाते आणि मग दोन थेंबांनीही सामू धाडकन कोसळतो. त्या दिवशी मासे मरतात, आणि दोष मासे विकणाऱ्यास दिला जातो. किती ओतले हे पाहणाऱ्याची जी फसगत सोरेन्सेन यांनी ओळखली होती, तीच ही. अशा पाण्याचा सामू खरोखरीच उतरवावयाचा असेल, तर प्रथम त्याचा जडपणा कमी करावा लागतो. त्यात स्वच्छ पावसाचे किंवा क्षार काढून टाकलेले पाणी हळूहळू मिसळणे हाच सरळ उपाय.

आमच्या गोमंतकात अडचण बहुधा उलट दिशेने येते. येथील चिऱ्यांच्या, म्हणजे जांभ्याच्या, जमिनीतून पावसाने चुना केव्हाच धुऊन नेलेला आहे. त्यामुळे येथील विहिरींचे पाणी हलके आणि किंचित आम्लधर्मी असते. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील निऑन टेट्रा ह्या इवल्या माशास असेच पाणी मानवते. परंतु हलक्या पाण्यात बफर अल्प, म्हणून त्याचा सामू चंचल असतो. दिवसा पाणवनस्पती कर्बद्विप्राणिद शोषून घेतात तेव्हा तो चढतो. रात्री त्या व मासे तो वायू सोडतात तेव्हा उतरतो. समुद्रकाठची मुले हौसेने पेटीत शिंपल्या व खुबे टाकतात. शोभेसाठी टाकलेल्या ह्या वस्तू चुन्याच्याच असल्याने आम्लधर्मी पाण्यात मंदपणे विरघळतात आणि पाण्यास जडपणा व स्थैर्य देतात. गप्पी व मोली ह्या माशांस ते हितकर आहे, निऑनला नाही. त्याच्यासाठी देशी बदामाची वाळलेली पाने पाण्यात ठेवण्याचा प्रघात मत्स्यप्रेमी लोकांत आहे. हलक्या पाण्याचा सामू त्यांतील टॅनिनने किंचित उतरतो. जड पाण्यात मात्र ती पाने पाण्यास चहाचा रंग देण्यापलीकडे विशेष काही करीत नाहीत.

सर्वांत घातक प्रकार अमोनियाचा. माशांच्या उत्सर्जनातून अमोनिया पाण्यात जमा होतो. पाणी सामू ७ चे असेल तर २५ अंश सेल्सिअसला त्यातील हजारात पाच-सहा भागच विषारी रूपात असतात; सामू ८ झाला की शंभरात सुमारे पाच, म्हणजे जवळजवळ दहापट. एखाद्या जुन्या, आम्लधर्मी पेटीत मासे सुखाने नांदत असतात. कोणी कळवळ्याने बोअरवेलचे जड पाणी एकदम अर्धी पेटी भरून ओततो. पाणी स्वच्छ दिसते, आणि तासाभरात मासे पृष्ठभागी येऊन तोंडे उघडू लागतात. कोणी विष घातलेले नसते. विष आधीपासून निरुपद्रवी रूपात तेथेच होते. चढलेल्या सामूने ते जागे केले. म्हणून आमच्या विद्यालयातील पेटीचे पाणी एका वेळी पाचव्या हिश्श्याहून अधिक बदलू नये, आणि बदलण्यापूर्वी जुन्या व नव्या पाण्याचे रंग पट्टीशी जुळवून वहीत नोंदवावे, असा शिरस्ता विद्यार्थ्यांनी पाडला आहे. तो आम्हांस फार आवडतो.

आता पुन्हा कोपनहेगनकडे. १९०९ नंतर सोरेन्सेन यांनी उरलेले आयुष्य मुख्यतः प्रथिनांच्या अभ्यासास वाहिले. अंड्याच्या बलकातील प्रथिनाचे शुद्ध स्फटिक करून त्यांनी परासरण दाबावरून त्याचा रेणुभार काढण्याचा यत्न केला. त्यांचा आकडा सुमारे ३४,००० आला. तो आज मान्य असलेल्या सुमारे ४५,००० हून कमी आहे. परंतु प्रथिने हे प्रचंड आकाराचे रेणू असतात की केवळ लहान कणांचे पुंजके, ह्याविषयीच त्या काळी एकमत नव्हते, हे ध्यानी घेता त्या आकड्याची किंमत कळते. ह्या कार्यात त्यांच्या पत्नी मार्गरेटे ह्या त्यांच्या सहकारी होत्या.

स्वतःच्या शोधाचेही त्यांनी पुनर्परीक्षण केले. आयनांची केवळ संख्या नव्हे, तर त्यांची प्रत्यक्ष क्रियाशीलता मोजली पाहिजे, असे कालांतराने स्पष्ट झाले. तेव्हा १९२४ साली त्यांनी आपले तरुण सहकारी काय लिंडरस्ट्रोम-लांग यांच्यासह सामूची व्याख्या सुधारून मांडली. पंधरा वर्षांत जगन्मान्य झालेली स्वतःची व्याख्या स्वतःच दुरुस्त करावयास किती लोक धजतील, असा प्रश्न आम्हांस येथे पडतो. चिन्हाचे लेखनही इतरांनी सोपे केले. सोरेन्सेन यांनी एच हे अक्षर पीच्या पायाशी लहान करून छापले होते. छपाईच्या सोयीसाठी अमेरिकेतील विल्यम मॅन्सफील्ड क्लार्क यांनी १९२० साली ते एका ओळीत आणले, आणि तेच रूढ झाले. विजेच्या मार्गाचा किचकटपणा १९३० नंतर दूर झाला. कॅलिफोर्नियातील आर्नल्ड बेकमन यांनी लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी काचेचे विद्युदग्र बसविलेले सुटसुटीत यंत्र तयार केले, आणि जे काम तज्ज्ञालाही जिकिरीचे वाटे ते कोणासही मिनिटाभरात करता येऊ लागले.

सोरेन्सेन यांस नोबेल पारितोषिक मिळाले नाही. शोधाचे एकस्व घेऊन धन मिळविण्याचा प्रश्नच याकोबसेन यांच्या नियमामुळे उद्भवत नव्हता. १९३८ साली ते निवृत्त झाले, त्यांच्या जागी लिंडरस्ट्रोम-लांग आले, आणि १२ फेब्रुवारी १९३९ रोजी, निवृत्तीनंतर वर्षही पुरते उलटले नसता, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. फॉस्फेटच्या ज्या मिश्रणांचा सामू त्यांनी निश्चित केला होता, ती आजही प्रयोगशाळांतून त्यांच्याच नावाने ओळखली जातात.