गैरहजेरीचा एक रुपया

कॉलेजात ७५ टक्के हजेरी भरली नाही की आपली पळापळ सुरू होते. पण मित्रांनो, पोराच्या गैरहजेरीबद्दल आईबापाला दंड करणारा राजाही महाराष्ट्रात होऊन गेला. राजर्षी शाहू महाराज!

२६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात जन्म. १८८४ मध्ये ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले, १८९४ मध्ये कारभार हाती घेतला. १९१७ मध्ये त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. आधी फी माफ केली, मग नियम कडक: पोर शाळेत धाडलं नाही तर महिन्याला एक रुपया दंड! १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळी मुलं एकाच वर्गात बसवली. ६ मे १९२२ ला, अवघ्या ४७ व्या वर्षी महाराज गेले.

आज आपल्या कडा-आष्टी भागातली ऊसतोड कुटुंबं पोरांना घेऊन त्याच कोल्हापूरकडच्या फडात उतरतात. गावच्या हजेरीपटावर नाव असतं, वर्गात पोर नसतं. हातावर पोट असलेल्या आईबापाला दंड करून काय होणार? पण गैरहजेरीचा जाब कुणीतरी द्यायचा असतो, हे महाराजांनी शंभर वर्षांपूर्वीच ठरवून टाकलं होतं.