होमी भाभा, इलेक्ट्रॉन आणि जुने प्लास्टिक

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी पेण सोडून पुढे गेली की नागोठणे लागते. रोहा तालुक्यातील या गावाजवळच्या पेट्रोरसायन संकुलात पिशव्या, डबे आणि पाइप यांचा कच्चा माल, म्हणजे पॉलिथिलीन तयार होते. याच रायगड जिल्ह्यात, उत्तरेला खारघर येथे, भाभा अणुसंशोधन केंद्राचे इलेक्ट्रॉन बीम सेंटर आहे. वेगवान इलेक्ट्रॉनांच्या झोताने प्लास्टिकचे गुणधर्म बदलता येतात. वेगवान इलेक्ट्रॉन पदार्थातून जाताना काय घडते, हाच डॉ. होमी भाभा यांच्या तरुणपणीच्या संशोधनाचा विषय होता.

भाभांचा जन्म ३० ऑक्टोबर १९०९ रोजी मुंबईत झाला. त्यांची आत्या मेहरबाई या सर दोराबजी टाटांच्या पत्नी. होमीने केंब्रिजला अभियांत्रिकी शिकावी आणि जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात रुजू व्हावे, अशी घरच्यांची इच्छा होती. १९२७ मध्ये ते केंब्रिजला गेले, पण मन रमले भौतिकशास्त्रात. आधी अभियांत्रिकीत पहिला वर्ग मिळव, ही वडिलांची अट पूर्ण करूनच ते आपल्या आवडीच्या विषयाकडे वळले. अतिवेगवान इलेक्ट्रॉन पदार्थात शिरल्यावर एका कणापासून अनेक कणांचा वर्षाव कसा होतो, याचा सिद्धांत त्यांनी १९३७ मध्ये वॉल्टर हाइटलर यांच्यासह मांडला. त्यामुळे वैश्विक किरणांचे एक कोडे उलगडले.

१९३९ मध्ये ते सुटीसाठी भारतात आले आणि महायुद्धामुळे येथेच राहिले. १९४५ मध्ये त्यांच्या पुढाकाराने टाटा मूलभूत संशोधन संस्था उभी राहिली. १९४८ मध्ये ते अणुऊर्जा आयोगाचे पहिले अध्यक्ष झाले. ४ ऑगस्ट १९५६ रोजी तुर्भ्याची ‘अप्सरा’ अणुभट्टी सुरू झाली. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँ पर्वतावरील विमान अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे ५६ वर्षांचे होते. पुढे १९७४ मध्ये तुर्भ्याला ‘आयसोमेड’ प्रकल्प सुरू झाला. तेथे सिरिंजसारख्या वैद्यकीय वस्तू पाकीटबंद अवस्थेतच गॅमा किरणांनी निर्जंतुक होऊ लागल्या.

हेच तंत्र टाकाऊ प्लास्टिकसाठी उपयोगी पडू शकते. प्लास्टिकचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. ऊन लागून आणि वारंवार वितळवून या साखळ्या तुटतात, म्हणून पुनर्वापराचा माल कमकुवत होतो. किरणांच्या माऱ्याने साखळीवरचे काही बंध तुटतात आणि पॉलिथिलीनमध्ये ती मोकळी टोके शेजारच्या साखळ्यांशी जोडली जातात. असे जाळे तयार झाले की माल अधिक उष्णता सोसतो आणि सहज झिजत नाही. कृत्रिम खुब्याच्या सांध्यातील वाटीसाठी असेच पॉलिथिलीन वापरतात. पॉलिप्रॉपिलीनमध्ये मात्र साखळ्या जुळण्याऐवजी तुटण्याकडेच कल असतो आणि माल ठिसूळ होतो. टेफ्लॉनही असेच तुटते. त्याच्या कचऱ्याची बारीक भुकटी करून ती शाई आणि वंगणात वापरली जाते.

म्हणूनच किरणप्रक्रियेआधी कचऱ्याचे वर्गीकरण अटळ आहे. मात्राही मोजून द्यावी लागते. ती जास्त झाली किंवा हवेतील ऑक्सिजनचा शिरकाव झाला, तर प्लास्टिक खराब होते. शिवाय एकदा जाळे झालेले प्लास्टिक पुन्हा नीट वितळत नाही. त्यामुळे पाइप किंवा पत्रा असा अंतिम आकार दिल्यावरच ही प्रक्रिया करणे शहाणपणाचे. या प्रक्रियेने वस्तू किरणोत्सारी होत नाही, हेही ग्राहकाने ध्यानात ठेवावे.

आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थाही आता प्लास्टिक प्रदूषणाविरुद्ध या तंत्राचा पाठपुरावा करत आहे. याच संस्थेच्या स्थापनेपूर्वी, १९५५ मध्ये, जिनिव्हा येथे अणूच्या शांततामय वापरासाठी भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष भाभा होते. त्यांनी इलेक्ट्रॉनचा अभ्यास केला तेव्हा प्लास्टिकचा कचरा हा प्रश्नच नव्हता. आज तो प्रश्न पेण-रोह्याच्या गावागावांत आहे. त्यावरच्या उपायाची सुरुवात मात्र इलेक्ट्रॉनच्या झोतापासून नव्हे, तर घरात कचरा वेगळा करण्यापासून होते.