हास्यपटांच्या आड दडलेला रहस्यपटकार

राजा परांजपे हे नाव निघाले की मराठी रसिकांना प्रथम आठवतात ते १९५२ मधील 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे'. हसविणारा दिग्दर्शक हा शिक्का त्यांच्यावर इतका घट्ट बसला, की मराठीतील एका अव्वल रहस्यपटाचे कर्तेपणही त्यांच्याकडेच जाते, हे अनेकांच्या गावीही नसते.

राजाभाऊंचा जन्म २४ एप्रिल १९१० रोजी मिरजेत झाला. १९४८ मध्ये 'जिवाचा सखा'पासून त्यांनी दिग्दर्शनाला आरंभ केला. पुढे ग. दि. माडगूळकरांची लेखणी आणि सुधीर फडके यांचे संगीत यांच्या साथीने त्यांनी मराठी चित्रपटाचा एक कालखंडच घडविला. 'ऊन पाऊस' (१९५४) आणि 'जगाच्या पाठीवर' (१९६०) ही त्यातलीच ठळक नावे.

अशा दिग्दर्शकाने १९६४ मध्ये 'पाठलाग' हाती घ्यावा, हे वरकरणी नवलाचे वाटते. कथा जयंत देवकुळे यांची. आपल्या हातांनी पत्नीचे अंत्यसंस्कार करून आलेल्या वकिलासमोर तिच्याच रूपाची एक स्त्री आरोपी म्हणून उभी राहते आणि मीच तुमची पत्नी, असे सांगते. डॉ. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांची ती उलटतपासणी म्हणजे चित्रपटाचा प्राण. तिच्या प्रत्येक अचूक उत्तरागणिक वकिलाची खात्री डळमळते, प्रेक्षकाचीही. गूढाची उकल येथे सांगण्याचे पाप करू नये. भयाण वाडे आणि किंकाळ्या यांच्यापेक्षा राजाभाऊंचा भरवसा आहे तो माणसाच्या संशयावर. नीट पाहिले तर ही हातोटी त्यांच्या हास्यपटांतही आहे. वेडा कोण आणि शहाणा कोण, हा प्रश्न 'पेडगावचे शहाणे'मध्ये त्यांनी असाच टांगता ठेवला होता.

दोनच वर्षांनी, १९६६ मध्ये, राज खोसला यांनी याच कथेवर 'मेरा साया' काढला. सुनील दत्त, साधना, मदनमोहन यांचे संगीत आणि जोडीला रंगांची झळाळी. कृष्णधवल 'पाठलाग' त्या छायेत झाकोळला. खोसला यांचे यश खोटे नव्हे. पण ज्या प्रवेशांवर 'मेरा साया' उभा आहे, त्यांची मूळ बांधणी मराठीत आधीच झाली होती, हे श्रेय क्वचितच कोणी देते.

राजाभाऊ ९ फेब्रुवारी १९७९ रोजी निवर्तले. आज 'पाठलाग'चे नाव निघते ते बहुधा आशा भोसले यांनी गायिलेल्या, दत्ता डावजेकरांनी स्वरबद्ध केलेल्या गीतामुळे. चित्रपटात मात्र ते गीत नुसते श्रवणीय नाही. गेलेली पत्नी खरोखर गेली आहे का, ही शंका तेच पुन्हा पुन्हा जागी करते.