संत गोन्सालो गार्सिया : स्वेच्छेनें पत्करलेलें अकिंचनत्व



महोत्सवाच्या वर्षीं मागें वळून पाहतांना आपल्याच किनाऱ्यावर जन्मलेल्या एका संताचें स्मरण करणें उचित होय. भारतभूमींत जन्मलेले पहिले संत गोन्सालो गार्सिया हे वसईचे. वसई आज आपल्याच पालघर जिल्ह्यांत मोडते, आणि १९९८ सालीं स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतांत आपले डहाणू व तलासरी हे तालुकेहि येतात. म्हणजे हे संत परके नव्हेत. ते आपल्या घरचेच होत.

१५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हातीं आली. पुढें दमणपर्यंतचा किनारा त्यांच्या अंमलाखालीं गेला. डहाणूहि त्यांतच होतें. त्या वसईंत सुमारें १५५७ सालीं गोन्सालो जन्मले. वडील पोर्तुगीज शिपाई होते, आई याच मातींतली. किल्ल्यांतील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेंत त्यांचें शिक्षण झालें. पंधरा वर्षांचे असतां, १५७२ च्या सुमारास, ते त्याच धर्मगुरूंबरोबर जपानांत गेले. तेथें त्यांनीं जपानी भाषा इतकी आत्मसात केली कीं ते त्या लोकांत त्यांच्यातलेच होऊन वावरूं लागले. सुमारें आठ वर्षें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम निष्ठेनें केलें. येशूसंघांत आपणांस घ्यावें ही त्यांची मनीषा होती. परंतु ती पुरी झाली नाहीं. प्रवेश मिळाला नाहीं.

ऐन तारुण्यांत आलेला हा नकार लहान नव्हता. अशा वेळीं कित्येक जण देवावर रुसतात, कित्येक ख्रिस्तसभेवर. गोन्सालो दोहोंवरहि रुसले नाहींत. त्यांनीं व्यापार सुरू केला. भाषा येत होती, माणसें ओळखीचीं होतीं, शब्द खरा होता. व्यापार भरभराटीस आला आणि निरनिराळ्या ठिकाणीं त्याच्या शाखा झाल्या. व्यापार करणें हें पाप नव्हे, आणि प्रामाणिकपणें मिळविलेला पैसा हाहि कलंक नव्हे. गोन्सालो यांनीं आपल्या धंद्याचा तिरस्कार केला असें कोणीं समजूं नये. परंतु शुभवर्तमानांतील त्या धनवान तरुणाला प्रभूनें जो प्रश्न टाकला, तोच प्रश्न त्यांच्याहि मनाला टोचीत राहिला. तो तरुण खिन्न होऊन परत गेला. गोन्सालो मात्र पुढें गेले.

मनिला येथें त्यांचा फ्रान्सिस्कन संघाशीं संबंध आला. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या त्या अनुयायांजवळ अंगावरचा झगा, कमरेची दोरी आणि दुसऱ्यांची सेवा यांपलीकडे कांहीं नव्हतें. वयाच्या तिशीच्या सुमारास, हातीं चाललेला धंदा सोडून, गोन्सालो यांनीं त्या संघांत प्रवेश केला आणि १५८८ च्या सुमारास व्रतें घेतलीं. तेंहि धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे बंधू म्हणून. ज्याच्या शब्दावर मालाच्या राशी इकडून तिकडे जात, तो आतां मठांतील पडेल तें काम करूं लागला.

परंतु देव माणसाचें कांहींच वायां जाऊं देत नाहीं. १५९३ सालीं फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरानें जपानचा सर्वाधिकारी टोयोटोमी हिदेयोशी याजकडे संत पेद्रो बाप्तिस्ता यांना वकील म्हणून पाठविलें. त्यांचे दुभाषी होते बंधू गोन्सालो. बाळपणीं शिकलेली ती भाषा आतां राजदरबारांत उपयोगी पडली. व्यापारांत जमविलेलें धन मागें राहिलें. जिभेवरचें धन तेवढें बरोबर आलें. हिदेयोशीच्या परवानगीनें क्योतो येथें मठ व ख्रिस्तमंदिर उभें राहिलें, आणि लोकांनीं टाकून दिलेल्या महारोग्यांसाठीं रुग्णालयें निघालीं. कांहीं वर्षें ही सेवा शांतपणें चालली.

१५९६ च्या शरद ऋतूंत सॅन फेलिपे नांवाचें स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. त्यांतील मालावरून कलह माजला, संशय बळावला, आणि हिदेयोशीनें ख्रिस्ती प्रचारकांस पकडण्याची आज्ञा केली. जानेवारी १५९७ मध्यें बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यांत आली, आणि मग भर हिवाळ्यांत, बहुतेक पायींच, त्यांना दूर नागासाकीला नेण्यांत आलें. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं तेथील टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनीं विंधण्यांत आलें. त्यांत वीस जपानी होते, आणि तीन तर बारा ते चौदा वर्षांचीं मुलें होतीं. क्रुसाकडे प्रथम गोन्सालो गेले असें परंपरा सांगते. सव्वीस जणांत तीन जण येशूसंघाचे होते. ज्या संघाचें दार एकदां उघडलें नव्हतें, त्याच संघाच्या पुत्रांशेजारीं गोन्सालो यांनीं प्राण दिला. नकाराची जखम प्रभूनें अशी भरून काढली.

१६२७ सालीं त्यांना धन्यवादित म्हणून घोषित करण्यांत आलें, आणि ८ जून १८६२ रोजीं पोप नववे पायस यांनीं त्यांना संतपद दिलें. वसईंत गास येथील ख्रिस्तमंदिर आज त्यांच्या नांवानें उभें आहे.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. दारिद्र्य आणि अकिंचनत्व हीं एक नव्हत. पावसाळा सरला कीं आपल्या पाड्यांवरचीं कित्येक कुटुंबें वीटभट्टीवर कामाला जातात. त्यांची गरिबी त्यांनीं निवडलेली नाहीं. त्यांना कमी खा, कमी नेसा असा उपदेश करणें हा अधर्मच होईल. त्यांच्या पोटाला अन्न, मुलांना शाळा आणि आजाऱ्याला औषध मिळालें पाहिजे, आणि त्यासाठीं झटणें हें धर्मग्रामाचें कर्तव्य होय. गोन्सालो यांनीं जें सोडलें तें आधीं त्यांच्या हातीं होतें. म्हणूनच तें सोडण्याला मोल आलें.

परंतु आपले जे तरुण आज बोईसर, उंबरगांव, वापी येथील कारखान्यांतून पगार आणूं लागले आहेत, त्यांच्यापुढें हा प्रश्न खराखुरा उभा आहे. पहिल्या पगाराबरोबर कर्जावरची मोटारसायकल येते, लग्नांत शेजाऱ्याहून मोठा मांडव घालण्याची ईर्षा येते, आणि पुढचीं कित्येक वर्षें हप्ते भरण्यांत जातात. वस्तु आपल्या झाल्या असें वाटतें, आणि आपणच वस्तूंचे होऊन जातों. माझ्या तरुण मित्रांनो, सर्वांनींच झगा घालावा असें मी म्हणत नाहीं. गरजेपुरतें ठेवावें, कर्जाचें ओझें डोक्यावर घेऊं नये, आणि उरलें त्यांत धाकट्या भावंडाच्या शिक्षणाचा व शेजारच्या आजाऱ्याचा वाटा असावा, एवढेंच माझें मागणें आहे. ज्याचे हात मोकळे, तोच दुसऱ्याचा हात धरूं शकतो.

संत गोन्सालो गार्सिया यांच्या मध्यस्थीनें प्रभु आपल्या धर्मग्रामांतील प्रत्येक घराला पोटापुरतें देवो, आणि पोटापलीकडचें वाटून टाकण्याची बुद्धि देवो. आमेन.