तात्या विंचूच्या आधीचा अर्धवटराव : बाहुल्याला बोलतं करणारे यशवंत पाध्ये

भंडारा : ‘झपाटलेला’ पाहिला नाही असा माणूस आपल्या जिल्ह्यात सापडणं कठीण. लक्ष्मीकांत बेर्डेंच्या मागे लागलेला तात्या विंचू आजही मोबाईलवर फिरत असतो. पण तो बाहुला ज्या घरात तयार झाला, त्या घरात ही कला आणणारे यशवंत केशव पाध्ये फार थोड्यांना माहीत आहेत.

लोक त्यांना प्रोफेसर वाय. के. पाध्ये म्हणत. ते कॉलेजात शिकवत नव्हते. त्या काळी जादूगार आणि खेळ करणाऱ्या कलावंतांना प्रोफेसर म्हणायची पद्धतच होती.

१९१६ च्या सुमारास त्यांनी अर्धवटराव हा बोलका बाहुला रंगमंचावर आणला. आपल्याकडे दोरीवर नाचणाऱ्या कळसूत्री बाहुल्या जुन्याच. पण माणसाशी बरोबरीनं बोलणारा, त्यालाच उलट उत्तर देणारा बाहुला लोकांना नवा होता. पुढे अर्धवटरावाला आवडाबाई नावाची बायकोही मिळाली. मग काय, नवरा-बायकोचं भांडण आणि लोकांचं हसून हसून पोट दुखणं!

या कलेला शब्दभ्रम म्हणतात. आवाज पोटातून येतो असं अनेकांना वाटतं, पण तसं नाही. तो गळ्यातूनच येतो, फक्त ओठ हलू द्यायचे नसतात. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय नीट निघत नाहीत. तिथं जिभेनं वेळ मारून न्यावी लागते. त्याच वेळी एका हातानं बाहुल्याचा जबडा आणि मान हलवायची. जबडा हलला की आपली नजर फसते आणि कानही फसतो. यासाठी वर्षानुवर्षं रियाज लागतो.

अशा कलेत एक मोठा धोका असतो. कलावंत गेला की बाहुला मुका होतो. लाकूड पेटीत राहतं, आवाज मात्र माणसासोबत जातो. पाध्यांच्या घरात ते झालं नाही, कारण यशवंतरावांनी ही विद्या मुलाला, रामदास यांना दिली. रामदास इंजिनिअरिंग शिकलेले. सरळ नोकरीची वाट समोर असताना १९६७ मध्ये त्यांनी आपला पहिला प्रयोग केला. १९६० चं दशक सरता सरता यशवंतराव गेले. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. आपला अर्धवटराव घराघरात टीव्हीवर बोलताना पाहणं यशवंतरावांच्या नशिबी नव्हतं.

ते काम मुलानं केलं. दूरदर्शनवर अर्धवटराव गाजला. लिज्जत पापडाच्या जाहिरातीतला ससा रामदास यांचाच. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचूही त्यांनीच घडवला. आता नातू सत्यजित सीए होऊनसुद्धा हीच कला पुढे नेत आहेत. अर्धवटरावानं शंभरी केव्हाच ओलांडली.

झाडीपट्टीत मंडईच्या रात्री दंडार आणि खडीगंमत अजून रंगते. पण म्हाताऱ्या शाहिरामागे डफ कोण धरणार, हा प्रश्न बऱ्याच गावांत आहे. यशवंतरावांनी आपल्या हयातीतच वारसाच्या हाती बाहुला दिला, म्हणून अर्धवटराव आजही बोलतो.