डॉ. सलीम अली : पक्ष्यांसोबत त्यांचं घर जपणारे पक्षीशास्त्रज्ञ

परिसर अभ्यासात आपण 'अधिवास' हा शब्द शिकतो. प्राणी किंवा पक्षी जिथे राहतो, अन्न-पाणी मिळवतो आणि पिल्ले वाढवतो ती जागा म्हणजे त्याचा अधिवास. ही जागाच गेली तर पक्षी कसा टिकणार? ज्यांनी आयुष्यभर हाच विचार केला त्या डॉ. सलीम अली यांची आज ओळख करून घेऊया.

बालपण
सलीम अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपले आणि मामांनी त्यांना सांभाळले. मामा शिकारीचे शौकीन होते. छोट्या सलीमच्या हातातही छर्‍याची बंदूक आली. एके दिवशी त्यांनी एक चिमणी पाडली. बघतात तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कोणती चिमणी? घरात कोणालाच सांगता येईना. मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तिथल्या मिलर्ड साहेबांनी पक्षी ओळखलाच, शिवाय कपाटं उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले. शिकारीसाठी बंदूक धरणारा मुलगा तिथून अभ्यासाकडे वळला.

किहीमची सुगरण
सलीम अलींकडे विद्यापीठाची मोठी पदवी नव्हती, त्यामुळे मनासारखी नोकरी मिळत नव्हती. काही काळ ते ब्रह्मदेशात कुटुंबाच्या व्यवसायात होते. मग मुंबईच्या संग्रहालयात त्यांनी मार्गदर्शकाचं काम केलं आणि पुढचं शिक्षण घ्यायला जर्मनीला गेले. 1930 मध्ये परत आले तर ती नोकरीही राहिली नव्हती. तेव्हा पत्नी तेहमिना यांच्यासोबत ते अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागले.

घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. रोज तासन् तास बसून त्यांनी निरीक्षण केलं. आपण घरट्याचं कौतुक 'सुगरण' म्हणून मादीचं करतो, पण खोपा विणतो तो नर! तो अर्धवट खोपा बांधतो, मादी येऊन पाहून जाते. तिला पसंत पडला तरच जोडी जमते आणि मग नर तो पूर्ण करतो. नंतर तोच नर दुसरा खोपा विणायला घेतो. या अभ्यासाने त्यांचं नाव झालं.

यातून अधिवासाचा धडाही मिळतो. खोप्यासाठी लांब पात्यांचं गवत लागतं, टांगायला झाड लागतं, पिल्लांना किडे लागतात. यातलं एक जरी नाहीसं झालं तरी सुगरण ती जागा सोडून जाते.

पुढे त्यांनी अनेक संस्थानांमधल्या पक्ष्यांची पाहणी केली. त्यातल्या हैदराबाद संस्थानात तेव्हा आपला मराठवाडाही होता. 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं प्रसिद्ध पुस्तक आलं.

भरतपूरचं पाणी
राजस्थानातील भरतपूरचं केवलादेव घना हे पाणथळ ठिकाण म्हणजे राजांची शिकारीची जागा. 1938 मध्ये व्हाइसरॉयच्या एका शिकारीत तिथे एका दिवसात 4,000 हून जास्त पक्षी मारले गेले. पण पक्षी पुन्हा येत राहिले, कारण पाणी जागेवर होतं. स्वातंत्र्यानंतर मोठं संकट आलं. पाणी काढून तिथे शेती करावी, अशी मागणी झाली. पाणथळ गेली असती तर पक्षी कायमचेच गेले असते. सलीम अलींनी सरकारदरबारी प्रयत्न केले आणि घना वाचलं.

1982 मध्ये ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि आत गुरं चारायला बंदी आली. सलीम अलीही बंदीच्याच बाजूचे होते. पण आजूबाजूच्या गावांची गुरं पिढ्यान् पिढ्या तिथे चरत होती. संघर्ष झाला, पोलीस गोळीबारात काही गावकऱ्यांचा जीव गेला. पुढे त्यांच्याच संस्थेच्या अभ्यासात दिसलं की म्हशी चरायच्या थांबल्यावर पाण्यात गवत माजलं आणि पाणपक्ष्यांची अडचण झाली. म्हणजे अधिवास वाचवायचा तर तिथल्या माणसांना सोबत घ्यायला हवं आणि आधी नीट अभ्यास करायला हवा. मोठ्या माणसाच्या कामातून हेसुद्धा शिकायचं असतं.

सायलेंट व्हॅली
केरळमधील सायलेंट व्हॅलीच्या घनदाट जंगलात कुंतीपुळा नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण होणार होतं. सिंहपुच्छ माकडांचं हे घर पाण्याखाली जाणार होतं. तिथले शिक्षक, शास्त्रज्ञ आणि सामान्य लोक विरोधात उभे राहिले. ऐंशीच्या घरात पोचलेले सलीम अलीही त्यांच्या बाजूने बोलले. प्रकल्प रद्द झाला आणि 1984 मध्ये हे जंगल राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालं.

पद्मभूषण, पद्मविभूषण असे मोठे सन्मान मिळालेल्या या शास्त्रज्ञाचं 1987 मध्ये निधन झालं. गोव्यात चोडण बेटावरच्या खारफुटीतल्या पक्षी अभयारण्याला त्यांचं नाव आहे.

अधिवास का नष्ट होतात?
- पाणथळ जागा बुजवून शेती किंवा बांधकाम करणे
- धरणं, रस्ते, खाणी यांसाठी जंगलतोड
- नदीचं पाणी वरच्या बाजूला अडवल्याने खालचे तलाव कोरडे पडणे
- कीटकनाशकांचा अतिवापर, वणवे आणि कचरा

आपण काय करू शकतो?
- गावतळं, ओढा, गायरान यांत कचरा किंवा राडारोडा टाकू नये. टाकताना कोणी दिसल्यास ग्रामपंचायतीला कळवावे.
- बांधावरची बाभूळ, बोर, उंबर अशी जुनी देशी झाडं राखावीत. नवीन रोप लावणं चांगलंच, पण उभं झाड वाचवणं त्याहून महत्त्वाचं.
- डोंगरावरच्या वाळलेल्या गवताला आग लावू नये.
- घरटी असलेली फांदी पिल्लं उडून जाईपर्यंत तोडू नये.

उपक्रम : महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात रोज पंधरा मिनिटं एकाच झाडाखाली शांत बसा. कोणते पक्षी आले, काय खाल्लं, कुठे बसले ते वहीत लिहा. ते झाड तोडलं तर यातले कोण कुठे जातील, याची वर्गात चर्चा करा.